दोन्ही बाजूंना नकोसा झालेला जमीनदार: प्लासिदो बेनाविदेस (टेक्सास, १८३६)

दक्षिणवारा

ह्यूस्टनहून ५९ नंबरच्या महामार्गाने दक्षिणेला निघालं की दोनेक तासांत व्हिक्टोरिया लागतं. आम्ही समुद्रावर निघालो होतो आणि तिथेच टायर बसला. गॅरेजवाल्याने दीड तास लागेल म्हणून सांगितलं, मुलं आइस्क्रीम शोधायला पळाली आणि मी गावाच्या मधल्या चौकातल्या झाडाखाली टेकलो. चौकाचं नाव 'दे लेओन प्लाझा'. टेक्सासमध्ये जिकडेतिकडे ऑस्टिन, ह्यूस्टन, क्रॉकेट, बोवी. मग भर गावात हा दे लेओन कोण? तेव्हापासून तीन महिने मिळेल तेव्हा वाचतोय, म्हणून हा धागा. लिखाण लांबलंय, चहा घेऊन बसा.

शाळेतल्या पोरांना टेक्सासची लढाई सांगतात ती थोडक्यात अशी: एका बाजूला अमेरिकेतून आलेले गोरे वसाहतवाले, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचा हुकूमशहा सांता आना. मधे अलामोच्या गढीतला टेक्सासवाल्यांचा पराभव, शेवटी सान हासिंतोला त्यांचा विजय, संपलं. पण त्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे स्पॅनिश बोलणारे लोकही होते. त्यांना तेहानो म्हणतात. हुआन आल्मोंते या मेक्सिकन अधिकाऱ्याने १८३४ साली पाहणी केली. त्यात बेहार (आजचं सान अँटोनियो) २,४००, गोलियाद ७००, व्हिक्टोरिया ३०० अशी माणसं मोजली आहेत. त्या ३०० च्या गावातल्या एका माणसाबद्दल मला लिहायचंय.

आधी गावाबद्दल. मार्तीन दे लेओन हा गुरं आणि खेचरं पाळणारा माणूस. आज टेक्सास आहे तिथून कळप हाकत पार न्यू ऑर्लीन्सपर्यंत नेऊन विकायचा. त्याच्या गुरांवर 'ई' आणि 'जे' ही अक्षरं जोडून केलेला डाग असायचा, एस्पिरितु दे हेसुस, म्हणजे येशूचा आत्मा. १८२४ च्या एप्रिलमध्ये त्याने बेहारच्या प्रांतिक मंडळाकडे अर्ज केला की मी ४१ मेक्सिकन कुटुंबं आणतो, ग्वादालुपे नदीकाठी वसाहत करायची परवानगी द्या. मिळाली. मेक्सिकोचा पहिला अध्यक्ष ग्वादालुपे व्हिक्टोरिया, त्याच्या नावावरून गावाचं नाव पडलं. अशा ठेक्यावर कुटुंबं आणून वसवणाऱ्याला एम्प्रेसारियो म्हणत. टेक्सासमधले बाकीचे बहुतेक नावाजलेले एम्प्रेसारियो अमेरिकेतून किंवा आयर्लंडातून आलेले. मेक्सिकन असून वसाहत तडीस नेणारा हा एकटाच. आणि त्यात बायकोचा वाटा मोठा होता. पात्रिसिया दे ला गार्साने माहेरून आलेला पैसा या उद्योगात घातला. दहा मुलं वाढवली, शाळेचं आणि चर्चचं पाहिलं.

आता आपला माणूस. प्लासिदो बेनाविदेस रिओ ग्रांदेच्या काठच्या रेनोसाचा. शिकलेला होता, अक्षर चांगलं होतं. १८२८ मध्ये व्हिक्टोरियाला आला तो मार्तीनचा मोठा मुलगा फेर्नांदो याचा चिटणीस म्हणून. फेर्नांदो वसाहतीचा जमीनवाटप आयुक्त. म्हणजे कोणाला कुठला तुकडा, शीव कुठे, नदीला किती तोंड, हे सगळे कागद प्लासिदोच्या हातून जायचे. पुढे त्याने मार्तीनच्या मुलीशी, आगुस्तिनाशी, लग्न केलं, स्वतःची जमीन मिळवली, दोनदा आल्काल्दे झाला. आल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत. गावात त्याने 'राउंड टॉप' नावाचं गोल, गढीसारखं भक्कम घर बांधलं. हल्ला झाला की शेजारीपाजारी त्यात आसरा घ्यायचे.

१८३३ मध्ये पटकी आली आणि म्हातारा मार्तीन गेला. मुलं आणि जावई यांच्यावर सगळा भार आला, तोही नेमका राजकारण तापायच्या वेळी.

मेक्सिकोची १८२४ ची राज्यघटना संघराज्याची होती. प्रांतांना स्वतःचं विधिमंडळ, स्वतःचे कायदे. सांता आना निवडून आला संघराज्यवाला म्हणून, आणि १८३४-३५ मध्ये उलटला. सगळी सत्ता राजधानीत ओढली, विधिमंडळं बंद केली, प्रांतांचं नागरी सैन्य छाटलं. साकातेकास प्रांताने विरोध केला तर मे १८३५ मध्ये तो अक्षरशः चिरडला. दे लेओन कुटुंब पक्कं घटनावादी. त्यांच्या जमिनीचे कागद त्याच घटनेखाली झालेले होते, हेही लक्षात ठेवा.

प्लासिदोचा साडू होसे मारिया कार्बाहाल बोलायला तिखट. त्याला पकडायला सैनिक व्हिक्टोरियात आले तेव्हा प्लासिदोने त्याला हवाली करायला साफ नकार दिला. ऑक्टोबर १८३५ मध्ये गोलियादचा किल्ला बंडवाल्यांनी घेतला, त्यात तो सुमारे ३० तेहानो घोडेस्वार घेऊन होता. मग तीच माणसं घेऊन बेहारच्या वेढ्यात गेला. डिसेंबरमध्ये सांता आनाचा मेहुणा जनरल कोस शरण आला. इथपर्यंत तेहानो आणि गोरे खांद्याला खांदा लावून लढले, मागणी एकच: १८२४ ची घटना परत आणा.

पुढचं लिहायला बसलो आणि मुलीने लॅपटॉप मागितला. उरलेलं खाली प्रतिसादात टाकतो.

मीराबाग

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आयुष्यात पहिल्यांदा टायर बसल्याचा आनंद झाला, तोही दुसऱ्याचा.

सातबारा

छान विषय. एक शंका, एम्प्रेसारियो म्हणजे आपल्या कोकणातला खोतच की! कुळं आणायची, गाव वसवायचं, सरकारात वजन ठेवायचं.

दुसरं, एका कुटुंबाला जमीन किती मिळायची? मी भूमापनात नोकरी केलेला माणूस, मला आकडे लागतात.

दक्षिणवारा

@सातबारा, पहिल्या नजरेला खोत वाटतो, पण एक मोठा फरक आहे. खोत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, मधलं त्याच्या पदरात पडायचं. एम्प्रेसारियोने आणलेल्या कुटुंबांच्या जमिनीवर त्याचा हक्क नसायचा. पट्टा थेट सरकारकडून त्या कुटुंबाच्या नावे. एम्प्रेसारियोला कुटुंबं आणल्याच्या बदल्यात वेगळी जमीन मिळायची.

आकडे: माप 'वारा'चं, साधारण ३३ इंच आणि वर थोडं. ५,००० वारा लांब आणि ५,००० वारा रुंद म्हणजे एक चौरस लेग्वा, म्हणजेच एक सितिओ, ४,४२८ एकर. नुसती शेती करणाऱ्या कुटुंबाला एक 'लाबोर', १७७ एकर. गुरं पाळणार असाल तर मिळून एक सितिओपर्यंत. कोआविला-तेहास राज्याच्या (टेक्सास तेव्हा त्यातच होतं) १८२५ च्या कायद्यात चराऊ सितिओची फी ३० डॉलर, तीही काही वर्षांनी हप्त्यांनी. एकट्या पुरुषाला चौथा हिस्सा, आणि परक्या माणसाने मेक्सिकन बाईशी लग्न केलं तर थोडी जास्त.

सातबारा

४,४२८ एकर ३० डॉलरला! आमच्या भावकीत बांधावरच्या दोन गुंठ्यांसाठी सतरा वर्षं तारखा पडल्या. असो. शिवा कशा धरायच्या?

दक्षिणवारा

तिथेच सगळी गोम आहे. नदी, ओढा, एखादं झाड, एखादा दगड. मार्तीनची हद्द आणि वरच्या बाजूच्या ग्रीन डिविटच्या वसाहतीची हद्द एकमेकांवर चढलेली होती, त्यावरून बरीच भांडणं झाली. अशा कागदांत पुढे कोर्टकचेऱ्या लपलेल्या असतात हे तुम्हाला मी काय सांगू.

काळी_कॉफी

लेख चांगला, पण एक गोष्ट गुळगुळीत केलीत. घटना, संघराज्य वगैरे ठीक, पण गोऱ्या वसाहतवाल्यांना गुलाम ठेवायचे होते आणि मेक्सिको ते होऊ देत नव्हता. हे कुठे आहे तुमच्या लेखात? तुमचा प्लासिदो कुणाच्या बाजूने लढत होता?

दक्षिणवारा

@काळी_कॉफी, बरोबर पकडलंत, हे यायलाच हवं होतं. मेक्सिकोच्या अध्यक्षाने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली. टेक्सासवाल्यांनी आरडाओरडा करून सूट मिळवली. ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून नवी वस्ती बंद केली. आणि १८३६ ची टेक्सासची घटना वाचली की शंका उरत नाही: गुलामगिरी कायम, आणि आफ्रिकन, त्यांचे वंशज आणि मूळ अमेरिकन लोक नागरिकत्वाबाहेर. आता लोक दोनच कारणांपैकी एक निवडायला सांगतात, घटना की गुलामी. मला वाटतं दोन वेगळे गट दोन वेगळ्या कारणांनी एकाच छावणीत बसले होते. डिसेंबर १८३५ पर्यंत ते खपून गेलं.

आणि आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. ती ग्वादालुपेकाठची जमीन 'रिकामी' नव्हती. किनाऱ्यावर करांकावा होते, आत तोंकावा होते. कागदावर सितिओ मोजताना त्यांना कुणी विचारलं नाही, दे लेओनांनीही नाही.

खडूफळा

+१. शेवटचा परिच्छेद आवडला. आता पुढचं लिहा, लॅपटॉप परत मिळाला असेल तर.

दक्षिणवारा

मिळाला. पुढे.

१८३६ च्या सुरुवातीला डोक्यात हवा गेलेल्या काहींनी टूम काढली की रिओ ग्रांदेच्या तोंडाशी असलेलं मातामोरोस बंदर घ्यायचं. खुद्द टेक्सासमध्ये सेनापती कोण यावरच एकमत नव्हतं. जेम्स ग्रांट नावाचा स्कॉटिश डॉक्टर, ज्याच्या स्वतःच्या जमिनी खाली कोआविलात होत्या, तो पन्नासेक माणसं घेऊन घोडे गोळा करत दक्षिणेकडे हिंडत होता. प्लासिदो त्याच्याबरोबर गेला. तिकडच्या प्रांतांतले संघराज्यवाले उठतील आणि आपण त्यांना मिळू, ही आशा त्याच्यासारख्यांना होती. तो भाग त्याच्या माहेरचा, म्हणजे जन्मगावाजवळचा.

सांता आनाचा सगळ्यात हुशार सेनापती होसे उर्रेआ तोवर वर सरकला होता. २७ फेब्रुवारीला सान पात्रिसियो गावात त्याने ग्रांटच्या जोडीदाराची तुकडी कापली. २ मार्चला आग्वा दुल्से ओढ्यावर ग्रांटची पाळी आली. ग्रांट, एक साथीदार आणि प्लासिदो घोड्यांच्या कळपाच्या थोडे पुढे होते. झाडीतून दोन्ही बाजूंनी घोडेस्वार सुटले. ग्रांट प्लासिदोला म्हणाला, तू थांबू नकोस, गोलियादला जा, फॅनिनला सांग. (फॅनिन म्हणजे गोलियादच्या किल्ल्यातल्या बंडवाल्यांच्या सैन्याचा प्रमुख.) प्लासिदो सुटला. ग्रांट मारला गेला.

त्याच दिवशी, २ मार्च १८३६ ला, तिकडे ब्रॅझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन गावात टेक्सासच्या प्रतिनिधींनी मेक्सिकोपासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं.

म्हणजे बघा, माणूस जिवावर उदार होऊन घोडा फेकत निघालाय बंडवाल्यांना सावध करायला, आणि ज्या घटनेसाठी तो बंडात उतरला ती घटना त्याच दिवशी बंडवाल्यांनी सोडून दिली. त्याला हे अर्थातच माहीत नव्हतं. टेक्सासमध्ये काही जण त्याला आपला पॉल रिव्हियर म्हणतात. अमेरिकन क्रांतीत रातोरात घोड्यावरून खबर देणारा, तो. पण पॉल रिव्हियरचं घर राहिलं.

निरोप पोचला. फॅनिन मात्र हलायला तयार होईना. १९ मार्चला निघाला, कोलेतो ओढ्यापाशी माळावर अडकला, दुसऱ्या दिवशी शरण आला. २७ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, सांता आनाच्या हुकमावरून त्याच्यासकट सुमारे साडेतीनशे कैदी गोलियादला गोळ्या घालून मारले. एकवीस तारखेलाच उर्रेआने व्हिक्टोरिया घेतलं होतं.

प्लासिदो यात कुठे होता? स्वातंत्र्याची बातमी कळल्यावर तो बाजूला झाला. मेक्सिकोपासून फुटणं त्याला मान्य नव्हतं. मग उर्रेआच्या लेखी तो बंडखोर, आणि टेक्सासवाल्यांच्या लेखी आता मेक्सिकन.

२१ एप्रिलला सान हासिंतोची लढाई १८ मिनिटांत संपली. जूनमध्ये टेक्सासच्या जनरल रस्कचं सैन्य व्हिक्टोरियात तळ देऊन होतं. त्यात बरेच जण नुकतेच अमेरिकेतून उतरलेले, त्यांना बेहारचा वेढा माहीत नाही, गोलियादची कत्तल तेवढी माहीत. रस्कने दे लेओन, बेनाविदेस आणि कार्बाहाल कुटुंबांना गाव सोडायचा हुकूम दिला. जहाजात घातलं आणि न्यू ऑर्लीन्सला. गुरं, घोडे, घरातलं सामान मागे. प्लासिदो १८३७ मध्ये लुइझियानातल्या ओपेलूसास गावी वारला. तिशीही धड पार झाली नसावी.

मीराबाग

बाप रे. "पण पॉल रिव्हियरचं घर राहिलं" इथे थांबले जरा.

सासूबाईंचं काय झालं? पात्रिसियाचं?

निवांत_पथिक

थोडं अवांतर. मी व्हिक्टोरियाच्या जवळच्या एका कारखान्यात पाच वर्षं होतो. पोर्ट लाव्हाकाच्या रस्त्यावर 'प्लासिडो' म्हणून छोटंसं गाव लागतं, रेल्वेचं फाटक आणि चार घरं. पाटीवर पी-एल-ए-सी-ई-डी-ओ. मला पाच वर्षं वाटायचं की एखाद्या औषधाचं नाव चुकवलंय. तो हाच का?

दक्षिणवारा

@निवांत_पथिक, हाच! आधी ओढ्याला त्याचं नाव पडलं, ओढ्यावरून गावाला. स्पेलिंगमधला 'आय' कुठेतरी 'ई' झाला. त्याची जमीन त्याच भागात होती. नकाशावर आहे, पण कुणाच्या नावावरून ते मलाही तीन महिन्यांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी इथे अकरा वर्षं राहतोय.

@मीराबाग, सासूबाई जबरदस्त. आधी काही काळ लुइझियानात, तिथून माहेरी, मेक्सिकोतल्या सोतो ला मारिनाला, आणि १८४४ मध्ये, सत्तरीच्या आसपास, परत व्हिक्टोरियात! आपलं सामानसुमान लोकांच्या घरात मांडलेलं पाहिलं म्हणतात. मुलांपैकी आगापितोला गुरं चोरणाऱ्या टोळीने मारलं होतं. सिल्वेस्त्रे परत आल्यावर त्याचाही खून झाला. फेर्नांदो उरला, त्याने वर्षानुवर्षं कोर्टात जमिनींसाठी झगडून काही परत मिळवल्या. पात्रिसियाने स्वतःच्या घराची जागा चर्चला दिली. १८४९ मध्ये गेली. सेंट मेरी चर्च आजही गावात आहे, चौकापासून चालत जाता येतं.

सातबारा

पण कायद्याने जमीन कशी काढली? नुसतं सैन्याने हाकललं म्हणून मालकी जात नाही. पट्टा मेक्सिकन सरकारचा असला तरी नव्या राजवटीने जुने पट्टे मानलेच असणार, नाहीतर गोऱ्यांचेही गेले असते.

दक्षिणवारा

@सातबारा, नोकरीतला माणूस बोलला! जुने पट्टे मानले. पण १८३६ च्या घटनेत एक कलम घातलं: लढ्यात भाग घ्यायचा टाळण्यासाठी जो देश सोडून गेला, ज्याने भाग घ्यायला नकार दिला, किंवा ज्याने शत्रूला मदत केली, त्याचं नागरिकत्व आणि जमीन दोन्ही गेली.

आता हे कलम हातात धरा आणि ज्यांना सैन्याने जबरदस्तीने जहाजावर चढवलं त्यांच्याकडे बघा. माणूस गावात नाही. का नाही, ते सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. कोर्टाची भाषा इंग्रजी. साक्षीदार पांगलेले. वकिलाची फी पैशांत नाही, तर जमिनीत. मग खटला जिंकला तरी एक लचका गेलाच.

खडूफळा

म्हणजे सगळ्याच तेहानोंचं असं झालं?

दक्षिणवारा

नाही, आणि मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे.

व्हिक्टोरियापासून फार लांब नाही, सान अँटोनियो नदीकाठी, कार्लोस दे ला गार्सा नावाचा तरणा रँचवाला होता. जन्म गोलियादच्या किल्ल्याच्या आवारातला. हा उघडपणे सांता आनाच्या बाजूचा. आपल्या रँचवाल्यांची तुकडी काढून उर्रेआला मिळाला. त्याच्या माणसांनी रेफ्युजियो परिसरात फॅनिनच्या तुकड्यांना हैराण केलं. फॅनिन निघायला उशीर करत होता त्याचं एक कारण रेफ्युजियोला अडकलेल्या त्याच्या याच तुकड्या. पण याच कार्लोसने कैद्यांमधले आपले आयरिश शेजारी, निकोलस फेगन वगैरे, हुडकून काढून वाचवले. रोज ज्यांच्या गुरांबरोबर आपली गुरं चरतात त्यांना मारू द्यायचं नव्हतं.

लढाई संपल्यावर कार्लोस गेला नाही. रँचवरच राहिला. आणि राहू शकला! शेजारी त्याच्या बाजूने होते. त्याची वस्ती 'कार्लोस रँचो' म्हणून नांदती राहिली, घाबरलेले तेहानो तिथे आसऱ्याला येत. १८८२ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात, तो वारला.

म्हणजे टेक्सासच्या बाजूने लढलेला प्लासिदो परमुलखात मेला, आणि टेक्सासविरुद्ध लढलेला कार्लोस आपल्या भूमीत म्हातारा झाला.

काळी_कॉफी

हे मात्र मला नवीन. पण सरसकट निष्कर्ष काढू नका. कार्लोसची जमीन नदीकाठी आडबाजूला होती. व्हिक्टोरियाची जमीन बंदराच्या वाटेवर, आणि सैन्याचा तळही तिथेच. ज्याची जमीन चांगली तो आधी देशद्रोही ठरतो, असं असू शकेल.

दक्षिणवारा

असूच शकतं. तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा नेटका आहे. मी शेजाऱ्यांना जास्त श्रेय देत होतो. व्हिक्टोरियातही चांगले शेजारी होते, आयरिश व्यापारी जॉन लिन दे लेओनांच्या जवळचा. पण तळ देऊन बसलेल्या सैन्यापुढे एका लिनचं काय चालणार.

मीराबाग

सान हासिंतोला तेहानो लढले होते ना? त्यांचं तरी?

दक्षिणवारा

हुआन सेगीन. स्वतःची तेहानो तुकडी घेऊन लढला. आपलीच माणसं आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून त्यांनी टोप्यांत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. नंतर तो टेक्सास प्रजासत्ताकाचा सिनेटर झाला, सान अँटोनियोचा महापौर झाला. आणि १८४२ मध्ये मेक्सिकोचा हस्तक ठरवून त्याला तिथूनच पळावं लागलं. कुठे पळणार? मेक्सिकोतच. तिथे सांगितलं, तुरुंग की सैन्य, निवड. त्याच वर्षी मेक्सिकन सैन्यातून तो सान अँटोनियोवर चालून आला! आठवणी लिहिल्या त्यात तो म्हणतो की मी माझ्याच जन्मभूमीत परका झालो.

नावारोही आहे. होसे आंतोनियो नावारोने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, म्हणजे प्लासिदोने जे नाकारलं ते त्याने स्वीकारलं. त्याच्यावर वेगळा धागा काढायला लागेल.

निवांत_पथिक

पुढच्या महिन्यात कामासाठी तिकडे जातोय. फाटकापाशी थांबून पाटीचा फोटो काढून इथे टाकतो. चर्चचाही हवा असेल तर सांगा.

दक्षिणवारा

टाकाच. चर्चपेक्षा जुन्या एव्हरग्रीन दफनभूमीत डोकावा, दे लेओन कुटुंबाची थडगी तिथे एका ओळीत आहेत. प्लासिदोचं शोधू नका, तो ओपेलूसासला.

आणि टायर तपासून निघा.